टेरिंगाच्या रस्त्यावरच्या टोप्या

"आजी, जरा बाजूला होता का?" असं मागून कोणीतरी म्हणालं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी मेलबर्नमधल्या सिडनी रोडच्या भर फुटपाथवर डोक्यावरची टोपी काढून उभी आहे. एका हातात टोपी, दुसऱ्या हाताने डबल बेस सावरलेला. माणसाहून उंच वाद्य, काळ्या पिशवीत घातलेलं, बुडाला एक चाक लावलेलं. ते ढकलत मी चालले होते आणि मधेच थांबले होते. फुटपाथ अडला होता हे खरं. समोर रस्त्यात ट्रॅमच्या मागे एक शववाहिका अडकली होती. काचेतून पांढरी फुलं दिसत होती. ट्रॅमवाल्याने घंटा वाजवली, शववाहिकेच्या मागच्या गाडीने हॉर्न दिला, आणि तोही एकदा देऊन भागलं नाही. कॉफीच्या दुकानाबाहेर बसलेल्यांपैकी एकाने मान वर केली असेल तर शपथ. मग ट्रॅम हलली, शववाहिका हलली, आणि मी तशीच. मला मूलबाळ नाही, त्यामुळे आजी म्हणजे मी, हे कळायला जरा वेळ लागला. "होते की," मी म्हणाले, "एवढी घाई असेल तर ती पुढची गाडी पकडा. थेट पोचवते." तो तरुण कानातलं काढून "काय?" म्हणाला. "काही नाही," मी म्हणाले आणि बेस भिंतीला टेकवला.

टोपी मी मुद्दाम काढली नव्हती. हात आपला आपण गेला. टेरिंगा नावाच्या गावाला जाऊन आल्यापासून हे असंच होतं, शववाहिका दिसली की हात डोक्याकडे जातो, आणि मेलबर्नसारख्या शहरात त्या रोज दिसतात. पण आजच दिसायला नको होती. अँटोनचं वाद्यदुरुस्तीचं दुकान पुढच्या चौकापलीकडे होतं आणि तिथे थुई नावाची एक मुलगी माझी वाट पाहत बसली असणार होती. हा बेस आज तिचा व्हायचा होता. अँटोनने फोनवर सगळं ठरवलं होतं, मीही हो म्हणाले होते. पण हो म्हणणं वेगळं आणि पिशवीचा बंद दुसऱ्याच्या हातात देणं वेगळं. मी अजून वळू शकत होते. घर मागेच होतं. अँटोनला सांगितलं असतं, बाबा रे, बुद्धी फिरली, तर त्याने खांदे उडवले असते, थुईला वाईट वाटलं असतं, आणि बेस पुन्हा खिडकीपाशी कोपऱ्यात उभा राहिला असता, मुका. वाजणार नव्हताच तो आता. माझ्या डाव्या हाताचा अंगठा गेलाय. बेसच्या मानेला मागून तो दाबून धरता येत नाही, सकाळी बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही. लोकांना मी सांगते, फिरून फिरून कंटाळा आला. अंगठ्याचं बोलले की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात, आणि तसं बघून घ्यायला मी जन्मले नाही.

बेस माझा नव्हताच मुळात. नेव्हिलचा होता, माझ्या नवऱ्याचा. आम्ही दोघं मिळून गायचो. तो बेस वाजवायचा, मी गिटार, आणि गाणी आमचीच, आम्ही घरच्या टेबलावर रचलेली. आमच्यामागे कुठली कंपनी नव्हती, मॅनेजर नव्हता, पोस्टर आम्हीच चिकटवायचो. मला या धंद्याचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. दुसऱ्या कोणाच्या गाण्याला मी कधी माझं म्हटलं नाही आणि माझ्या गाण्यात कोणाला ढवळाढवळ करू दिली नाही. नेव्हिल गेला तेव्हा त्याच्या मनासारखं केलं. तो म्हणून ठेवायचा, "ग्लेनिस, मी मेलो तर तमाशा नको. फुलं नकोत, भाषणं नकोत, ज्यांनी मला कधी उधार बिअर पाजली नाही त्यांचे हुंदके नकोत." मी कोणाला बोलावलं नाही. हॉस्पिटलातून अंत्यविधीवाली माणसं परस्पर त्याला घेऊन गेली, आणि नंतर एके दिवशी मी एका काउंटरवर सही केली, त्यांनी त्याच्या राखेचं एक खोकं दिलं, ते मी पाठपिशवीत घातलं आणि ट्रॅमने घरी आले. गर्दी होती. उभं राहावं लागलं. एका बाईच्या कोपराचा धक्का पिशवीला लागला, ती सॉरी म्हणाली, मी म्हणाले, काही हरकत नाही. घरी आल्यावर खोकं टेबलावर ठेवून मी चहा केला, आणि चहा पिताना वाटलं की काहीतरी राहिलंय. गॅस बंद करायचा राहिला की वाटतं ना, तसं. उठून बघितलं तर गॅस बंद होता. पण ते वाटणं काही गेलं नाही, महिनोन् महिने गेलं नाही. नेव्हिलच्या मनासारखं केलं म्हणून मान ताठ होती, आणि त्या ताठ मानेखाली ते तसंच बसून होतं.

मग मी गिटार ठेवून दिली आणि बेस शिकले. त्या वयात. शेजारच्या भिंतीवर ठोकठोक व्हायची. बाईचा एकटा आवाज आणि खाली फक्त बेस, असं कोणी ऐकत नाही, असं मला चार जाणत्या लोकांनी सांगितलं, तेव्हाच ठरवलं की हेच करायचं. जुन्या व्हॅनमध्ये बेस आडवा घातला आणि आमच्या नेहमीच्या वाटेने एकटी निघाले. शहरात आमची जात कोणी ओळखत नाही, पण तिकडे आत, गव्हाच्या सपाट रानात, समुद्राकाठच्या वाऱ्याच्या गावांत आमच्यासारख्यांना जे मिळतं ते राजालासुद्धा मिळत नसेल. ओळख ना पाळख, आणि एक बाई किल्ली दारातल्या गमबुटात ठेवून बहिणीकडे राहायला जाते, का, तर तुम्हाला मोकळं वाटावं. फ्रिजवर चिठ्ठी असते: मटण खालच्या खणात, कुत्र्याला बिस्किट देऊ नका, तो खोटं बोलतो. ट्रकवाला स्वतःचं सुटं चाक काढून देतो आणि नाव विचारलं तर हात हलवतो. नेव्हिलचे नियम असायचे: निघताना पलंगावरच्या चादरी काढून मशीनमध्ये घालायच्या, ठेवणीतला टॉवेल घ्यायचा नाही, आणि स्वयंपाकघरात घरच्यांसाठी एक गाणं वाजवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, घरी फक्त कुत्रा असला तरी. एकदा खरंच कुत्राच होता. नेव्हिलने सबंध गाणं वाजवलं, सगळ्या कडव्यांसकट, आणि मी दारात गाडीची किल्ली वाजवत उभी. तो घ्यायचा ते मोकळेपणाने घ्यायचा. मला ते कधी जमलं नाही. कोणी जास्त केलं की मला घशात घास अडकल्यासारखं होतं.

कुलाराला व्हॅन बंद पडली ती रविवारी सकाळी, मुख्य रस्त्यावर, बेकरीसमोर. गिअरबॉक्सने मान टाकली. गॅरेजवाला नदीवर मासे धरायला गेलेला. टेरिंगाच्या हॉलमध्ये दुपारी कार्यक्रम. त्या भागात दुपारीच ठेवतात, कारण संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात आणि लोकांना उजेड आहे तोवर घरी पोचायचं असतं. एक पोरगा म्हणाला, माझ्या युटच्या मागे टाका, सोडतो. पण युट म्हणजे छोटा टेम्पोच, मागचा भाग उघडा, मार्चचं ऊन, आणि मॅलीच्या त्या कोरड्या पट्ट्यातली लाल धूळ, ती लाकडाच्या सांध्यांत शिरली की वाद्य संपलंच. मी नको म्हणाले. कसं नको म्हणाले ते आठवतंय, जणू त्याने माझा अपमान केला होता. मग बेकरीतून एक उंच, वाकलेला म्हातारा कस्टर्डच्या वडीचा कागद सोडवत आला आणि पिशवीकडे हनुवटी करून म्हणाला, "कोण आहे आत?"

"डबल बेस."

"सहा फुटी?"

"जरा जास्तच."

"मग बसेल माझ्याकडे." त्याने वडीचा घास घेतला, सावकाश चावला. "गाडी गार आहे, काचा बंद, धुळीचा कण येत नाही. आणि चालते अशी की पाण्याचा ग्लास ठेवा. आजवर आत बसलेल्या एकानेही तक्रार केलेली नाही."

बेकरीवाली दारातून हसली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. क्लेम त्याचं नाव, आणि त्याचं दुकान समोरच होतं: पुढे फर्निचर, मागे अंत्यविधी. "रविवारी कोणी मरत नाही इथे," तो म्हणाला, "पाद्री दोन गावं सांभाळतो, त्याला जमत नाही." मी म्हणाले, मी कोणाचे उपकार घेत नाही. तो म्हणाला, "उपकार कसले, बाई? तुम्हाला उशीर होतोय आणि मला बायकोने कुंपण रंगवायला सांगितलंय. तुम्ही मला वाचवताय." त्याने बेसला शववाहिकेत घेतलं ते कसं घेतलं हे मी कितीदा तरी आठवते. खाली उशी, बाजूंना पट्टे, मानेखाली घडी केलेलं ब्लँकेट. मधेच थांबून त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "डोकं पुढे की पाय पुढे?" आणि मी तितक्याच गंभीरपणे म्हणाले, डोकं पुढे.

गावाबाहेर आलो आणि समोरून एक धुळीने माखलेली युट आली. वेग कमी झाला, ती कडेला गेली, थांबली. आतून एक जाडजूड शेतकरी उतरला, त्याने रुंद काठाची टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घालून उन्हात उभा राहिला. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. "त्याला सांगा," मी म्हणाले. "काय सांगू?" क्लेम म्हणाला, "काच खाली करून ओरडू, वाद्य आहे म्हणून?" मग मला हसू फुटलं. एवढं हसले की पोटात कळ आली. एक डबल बेस, खांद्यावर बिअरच्या ग्लासाचा गोल डाग असलेला, पबच्या मागच्या दाराने आत जायची सवय असलेला, आणि त्याच्यासाठी माणसं टोप्या काढताहेत. पुढे एक बाई मेंढ्या रस्ता ओलांडून नेत होती. तिने शीळ घातली, कुत्र्यांनी मेंढ्या मागे रेटल्या, आणि तीही हॅट हातात घेऊन उभी राहिली. आता मी हसत नव्हते. कुठल्या वळणावर हसणं संपलं आणि दुसरं काय ते सुरू झालं हे मला कळलंच नाही. क्लेमने डॅशबोर्डमधून रुमाल काढून दिला. इस्त्रीचा. त्याच्या धंद्यात असणारच. आणि मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं, जे शहरात कोणाला सांगितलं नव्हतं: नेव्हिल, तमाशा नको, काउंटरवरची सही, पाठपिशवी, ट्रॅम, ते कोपर. तो रस्त्याकडे बघत ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "म्हणजे पोचवायला कोणीच नाही गेलं."

"त्याला नको होतं."

"त्याचं बरोबरच आहे," क्लेम म्हणाला. "मेलेल्याला नकोच असतं."

अर्ध्या वाटेत एक पेट्रोल पंप आणि त्याला चिकटलेलं दुकान होतं. क्लेम पाणी घेतो म्हणून उतरला. आत तो काउंटरवरच्या बाईशी बोलताना दिसला, जरा जास्तच वेळ, आणि त्या बाईने फोन उचलला. मी काही मनावर घेतलं नाही. तिकडे माणसं पाण्याची बाटली घेतानासुद्धा गाईम्हशींची विचारपूस करतात. पण पंपापासून पुढे रस्ता बदलला. म्हणजे रस्ता तोच, सरळ, दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची खुंटं, पण प्रत्येक फाटकाशी माणसं. एका फाटकाशी नवरा-बायको, बाईच्या हाताला पीठ लागलेलं. पुढे चारचाकी बाईकवर एक म्हातारा, त्याने इंजिन बंद केलं. एका पत्र्याच्या टपालपेटीजवळ तीन पोरी उतरत्या उंचीने उभ्या, टोप्या हातात, आणि धाकटीला कळत नव्हतं टोपीचं काय करायचं, तिने ती तोंडात धरली. मला कोंडल्यासारखं झालं. हे सगळं खोट्यावर चाललं होतं. ही भली माणसं उन्हात येऊन एका लाकडाच्या खोक्याला मान देत होती आणि मी पुढच्या सीटवर विधवेचं सोंग घेऊन बसले होते. सोंग नव्हतं, विधवा होतेच, पण हा मान आपला नव्हे, चोरीचा आहे, असं वाटत होतं आणि त्याच वेळी आतून कोणीतरी म्हणत होतं, असू दे, अजून एक फाटक येऊ दे. टेरिंगात शिरताना डाव्या हाताला बोलिंगचं हिरवं मैदान लागतं. पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं खेळ थांबवून ओळीने कुंपणाशी आली होती. पांढऱ्या टोप्या हातात. एकाच्या दुसऱ्या हातात चेंडू तसाच होता.

"गाडी थांबवा," मी म्हणाले, "मी उतरून सांगते." क्लेम म्हणाला, "हॉलमध्ये सांगा. तिथे सावली आहे."

हॉल भरला होता. एरवी टेरिंगाला आम्ही पुढच्या दोन रांगांसाठी गायचो आणि मागच्या खुर्च्या रचलेल्याच असायच्या. आता मागच्या भिंतीला माणसं टेकली होती, आणि बाजूच्या लांब टेबलावर अंड्याची सँडविचं, नारळात घोळवलेले केक, सॉसेज रोल, चहाचा मोठा पिंप. कोणाचं काही झालं की तिकडे जे टेबल मांडतात तेच. मी बेसला उभं केलं, सूर दोनदा जुळवले. दयेची गर्दी मला नको होती. माझ्या गाण्याला यायचं तर या, नाहीतर खुर्च्या रिकाम्या राहू देत, त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे ताठ मानेने गाईन, हे माझं आयुष्यभर चालत आलं होतं. मी माईकपाशी गेले आणि म्हणाले, "सुरू करण्याआधी एक. तुम्ही ज्याच्यासाठी रस्त्यावर उभे राहिलात, तो कोणी नव्हता. आत हा होता. व्हॅन बंद पडली म्हणून क्लेमने आणला. तुमची फसवणूक झाली. मनात नसताना झाली, पण झाली. ज्यांना जायचं त्यांनी जावं, मला राग नाही. केक घेऊन जा."

कोणी हललं नाही. पिंपापाशी उभी असलेली एक काटक बाई, मर्ल तिचं नाव, टेरिंगाला आम्ही दरवेळी तिच्याच घरी उतरायचो, ती कपबशा मांडता मांडता म्हणाली, "आम्हाला डोळे आहेत गं पोरी. काचेची गाडी ती. असली शवपेटी असते का कुठे, लांब मानेची?" थोडं हसू उठलं. तिने हात पुसले. "दुकानातून फोन आला. क्लेमच्या गाडीत एका माणसाचं वाद्य येतंय म्हणाली. माणूस आधीच गेलाय आणि त्याला पोचवायला कोणी नव्हतं. नेव्हिल नाव. आता आम्ही त्याला इथे ऐकलंय ना. हाच तो, दरवेळी माझ्या चादरी मशीनमध्ये घालून जायचा. म्हटलं, उभं राहायला काय लागतं, आपण पोचवू." आणि ती पुन्हा कपबशा मांडायला लागली, जणू एवढंच काम होतं.

पहिल्या रांगेत तो जाडजूड शेतकरी बसला होता, युटवाला. त्याने हात वर केला, शाळेत करतात तसा. "मी मात्र फसलो होतो," तो म्हणाला. "मला कोणी फोन केला नव्हता. मला वाटलं खरंच कोणी गेलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती मलाच हसली." मी म्हणाले, माफ करा. "छे छे," तो म्हणाला, "एकदा काढलेली टोपी काय परत घेता येते?"

मी क्लेमकडे बघितलं. तो दाराशी उभा होता, हात मागे बांधून, त्याच्या कामाला शोभेल असा. कार्यक्रमानंतर मी त्याला धरलाच. म्हणाले, मी विश्वासाने बोलले आणि तुम्ही ते चव्हाट्यावर नेलंत. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई, रागवा. पण माझा धंदा आहे हा. ज्याचं नाव सांगितलं नाही अशाला मी कधी कुठे नेलेलं नाही." पण हे नंतरचं. त्याआधी मी वाजवलं. कसं वाजवलं ते सांगायला मी लाजणार नाही: तसं मी आधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही नाही. नेव्हिलचा पंजा मोठा होता, माझा लहान, तरी त्या दुपारी बोटं कुठेच कमी पडली नाहीत, आणि खालचा सूर निघाला की लाकडी फळ्यांमधून तो खुर्च्यांच्या पायांत, तिथून माणसांच्या अंगात जाताना मला दिसत होता. मान खाली घालून ऐकत होते सगळे. टोप्या मांडीवर. शेवटचा सूर विरला आणि मला कळलं की ते राहिलेलं, चहाच्या कपापासून माझ्याबरोबर आलेलं, आता राहिलेलं नाही. नेव्हिल पोचला होता. लोकांनी पोचवला होता आणि मी ते घेतलं होतं, घास न अडकता.

आता भिंतीला टेकवलेला बेस मी सरळ केला आणि चौक ओलांडला. अँटोनच्या दुकानासमोर एक जुनी स्टेशनवॅगन उभी होती, मागचं दार दोरीने बांधलेलं, आणि फुटपाथच्या कडेला थुई बसली होती. बारीकशी पोरगी. मला बघून ताडकन उठली. फुटस्क्रे उपनगराच्या बाजूची, बाप बेकरी चालवतो, एवढं अँटोनने सांगितलं होतं. बेसकडे धावली नाही, आधी मला म्हणाली, "तुम्ही चालत आणलात? मी आले असते ना घरी." मी म्हणाले, त्याला पाय मोकळे करायचे होते. ती हसली नाही, तिने मान हलवली, जणू हे तिला पटलं. तिने दुकानात उभ्या उभ्या तो वाजवून पाहिला. चांगला वाजवला. वाईट वाजवला असता तर माझं काम सोपं झालं असतं. मी कारण शोधत होते. तिची गाडी मोडकी होती हे एक कारण होतं. ती फार तरुण होती हे दुसरं.

"कुठे घेऊन जाणार त्याला?" मी विचारलं.

"पहिलाच दौरा आहे. मी आणि एक बासरीवाली मैत्रीण. गाणी आमचीच आहेत, म्हणजे कोणी ऐकतंय का ते बघायचं." तिने गावांची नावं सांगितली, आणि त्यात कुलारा होतं, टेरिंगा होतं. तिला त्या नावांचं माझ्याशी काय हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"गाडी बंद पडेल ही."

"हो, पडेल," थुई म्हणाली.

"राहाल कुठे?"

"माहीत नाही अजून." तिने माझ्याकडे बघितलं, जरा गोंधळून, मी फारच उघड गोष्ट विचारतेय अशा नजरेने. "कोणीतरी ठेवून घेईलच ना?"

माझ्या सगळ्या आयुष्यात हे वाक्य मला इतक्या सहज म्हणता आलं नव्हतं. नेव्हिल म्हणायचा. असंच, खांदे न उडवता, उद्या सकाळ होईलच ना म्हटल्यासारखं. "घेईल," मी म्हणाले. "चादरी मशीनमध्ये घालून निघायचं. आणि टेरिंगात मर्ल म्हणून बाई आहे, जिवंत असेल तर तिला सांग, नेव्हिलचा बेस आलाय. नसेल तर कोणालाही सांग."

पिशवीचा बंद मी तिच्या हातात दिला. आम्ही दोघींनी मिळून बेस गाडीत आडवा केला, खाली तिने स्वतःची पांघरुणं अंथरली होती. "मान कुठल्या बाजूला?" तिने विचारलं. "पुढे," मी म्हणाले, "रस्ता दिसू दे त्याला." तिने दोरी बांधली, मला मिठी मारली, अंगठा दुखला तरी मी काही बोलले नाही. गाडी खोकली, सुरू झाली, आणि सिडनी रोडवर ट्रॅमच्या मागे लागली. मी फुटपाथच्या कडेला आले आणि टोपी काढली. या वेळी मुद्दाम काढली. मान ताठ ठेवली, युटवाल्या त्या शेतकऱ्यासारखी टोपी छातीशी धरली, आणि आजूबाजूने माणसं वाट काढत जात होती ती जाऊ दिली. माझ्या शेजारी एक जेवणाचे डबे पोचवणारा सायकलवाला सिग्नलला थांबला होता. पाठीवर ते चौकोनी ओझं. त्याने माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, स्टेशनवॅगनच्या मागच्या काचेतून दिसणाऱ्या त्या लांब काळ्या आकाराकडे बघितलं, आणि हळूच हनुवटीखालचा पट्टा सोडवून हेल्मेट उतरवलं. सिग्नल हिरवा झाला तरी तो थांबला.

"कोण गेलं?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"कोणी गेलं नाही," मी म्हणाले. "नेव्हिल. दौऱ्यावर निघालाय."

त्याला काय समजलं कोण जाणे. पण गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत त्याने हेल्मेट परत घातलं नाही.